शून्य अंश म्हणजे तोंड नेमकं कुठे?

‘काइंडली सेंड द सेम इन अवर फॉरमॅट.’ ऑफिसात सहा महिने काढलेल्या कुणालाही हे वाक्य तोंडपाठ असतं. तुम्ही रात्री अकरापर्यंत बसून झकास एक्सेल शीट बनवलेली असते, बेरजा जुळलेल्या असतात आणि समोरून ही एक ओळ येते. माहिती तीच. फक्त तुमचा तिसरा कॉलम त्यांना पहिला हवा असतो, तुमच्या ‘क्वांटिटी’ला ते ‘नग’ म्हणतात आणि तारखेत महिना आधी हवा असतो. मनातल्या मनात शिव्या घालत आपण ते करून टाकतो. चुकलंच काही तर फार फार काय होईल? शीट परत येईल.

पण समजा, तुमची शीट माणूस वाचणारच नसेल तर? ती वाचणार एक मशीन. तासाला हजारो वस्तू उचलून नेमक्या जागी ठेवणारं. त्याला तुमचा कॉलम वेगळा समजला तर ते मेल बिल पाठवत नाही. तितक्याच तत्परतेनं, तितक्याच वेगात, सगळं चुकीचं ठेवून मोकळं होतं!

आमच्या ग्रुपमध्ये एक सर्किटवाली आहे. स्वभावानं नव्हे (तेही थोडं आहेच), धंद्यानं. मुन्नाभाईचे सगळे जोक तिच्यावर करून झालेत, तेव्हा तुम्ही नका करू. चांगली नोकरी सोडून ती गेली दोन वर्षं एक डबी बनवतेय. द्राक्षाच्या बागेत टांगायची. पानांवर ओल किती वेळ टिकली, तापमान किती होतं, हे ती डबी मोजते आणि बागायतदाराच्या मोबाइलवर पाठवते. पान फार वेळ ओलं राहिलं की डाउनीचा, म्हणजे आपल्या केवड्याचा धोका. नाशिककडे ऑक्टोबर छाटणी झाली की कोवळ्या फुटीचे ते दिवस बागायतदाराची झोप उडवणारे असतात. म्हणजे डबी हवी ती छाटणीच्या आधी. दिवाळीनंतर मिळाली तर तिचा उपयोग पेपरवेट इतकाच.

डबीत एक सर्किट बोर्ड आहे. आपल्या क्रेडिट कार्डाएवढा. त्यावर नव्वदेक पार्ट. त्यातले बरेचसे ‘०४०२’ मापाचे, म्हणजे एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. फोडणीतली मोहरी याच्यापुढे दणकट वाटते. पहिले दोन-चार बोर्ड तिनं चिमट्यानं, भिंगाखाली, श्वास रोखून हातानं जोडले. (मी मास कॉमवाली. माझं काम बाजूला बसून न शिंकणं.) पण यंदा ऑर्डर आली चाळीस डब्यांची. चाळीस गुणिले नव्वद, छत्तीसशे दाणे. ते काही चिमट्याचं काम नव्हे. म्हणून मग बोर्ड बनवून, वर पार्ट लावून देणारा शेनझेनमधला एक कारखाना. आणि म्हणून मग त्यांचा फॉरमॅट.

डिझाइन करायला ती कीकॅड वापरते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याची गोष्टही छान आहे. ग्रनोबलमध्ये शिकवणाऱ्या ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं. २०१३ पासून चक्क सर्नची मंडळी, कणांची टक्कर लावणारी, त्यात भर घालू लागली. आज हौशी माणसापासून छोट्या कंपनीपर्यंत कुणीही त्यात बोर्ड काढतं. स्क्रीनवर सगळं सुंदर दिसतं. थ्रीडीमध्ये बोर्ड गोल फिरवून बघता येतो. तेव्हा आता बटण दाबायचं, फाइल बाहेर काढायची, पाठवायची. संपलं! असं मला वाटत होतं. ती नुसती हसली.

कारखान्याला तीन गोष्टी लागतात. एक, बोर्डाची चित्रं. दोन, सामानाची यादी. तीन, कुठला पार्ट कुठे आणि कसा ठेवायचा त्याची यादी.

पहिल्या गोष्टीचं दुखणं जगानं कधीच मिटवलंय. त्या चित्रांना गर्बर म्हणतात. जोसेफ गर्बर हा मूळचा व्हिएन्नाचा पोरगा, १९४० मध्ये अमेरिकेला पोहोचला आणि १९४८ मध्ये हार्टफर्डला त्यानं कंपनी काढली. साठच्या दशकात त्या कंपनीनं फिल्मवर प्रकाशानं रेघा ओढणारी यंत्रं बनवली. ‘अमुक ठिकाणी जा, दिवा लाव, तमुक ठिकाणापर्यंत सरक, दिवा बंद कर’ अशा हुकमांची ती भाषा. दिवा आणि फिल्म मागे पडली, भाषा टिकली. सध्या ती बेल्जियमची युकॅमको सांभाळते. पुण्यातून काढलेला गर्बर भोसरीत चालतो, शेनझेनमध्ये चालतो, टेक्सासमध्येही चालतो. कुणी ‘आमच्या फॉरमॅटमध्ये’ म्हणत नाही.

पण गर्बर म्हणजे चित्र. तांब्याचा हा चौकोन कुठल्या रेझिस्टरचा पाय आहे, हे चित्राला काय माहीत? त्यासाठी उरलेल्या दोन याद्या. आणि त्यांच्या बाबतीत प्रत्येक कारखान्याचं घर वेगळं, रीत वेगळी.

सोपी भानगड आधी. कीकॅड जी जागांची यादी देतं तिच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: रेफ, व्हॅल, पॅकेज, पॉस-एक्स, पॉस-वाय, रॉट, साइड. (रॉट म्हणजे रोटेशन. कुजणं नव्हे. पण त्या कॉलमशी दोन रात्री झटल्यावर दोन्ही अर्थ लागू पडतात.) कारखान्याला तेच हवं असतं, फक्त डेझिग्नेटर, मिड-एक्स, मिड-वाय, लेयर आणि रोटेशन या नावांनी. कॉलमची नावं बदलायची, दोन कॉलम उडवायचे, क्रम लावायचा. पाच मिनिटांचं काम. एक्सेलमध्ये उघडा, बदला, सेव्ह करा.

थांबा, एक्सेलमध्ये नका उघडू! किंवा उघडाल तर जपून. एक्सेल हा आपला फार मदत करणारा शेजारी आहे, न विचारता. त्याला ‘०४०२’ दिसलं की तो म्हणतो, हा आकडा, पुढचं शून्य कशाला, आणि ‘४०२’ करून ठेवतो. जनुकांच्या नावांचं त्यानं असंच केलं होतं. ‘मार्च-१’ नावाच्या जनुकाची तो सरळ तारीख करायचा. शास्त्रज्ञ इतके वैतागले की २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीनं अशी नावंच बदलायची वाट धरली. एक्सेलमध्ये ही सवय बंद करायची सोय आली ती २०२३ मध्ये. आधी जनुकं बदलली, मग एक्सेल. यावरून कुणाचं वजन जास्त ते कळतं.

मापांची गंमत तर आणखी निराळी. ‘०६०३’ हा पार्ट म्हणजे इंचांच्या हिशेबात ०.०६ बाय ०.०३ इंच, साधारण १.६ बाय ०.८ मिलिमीटर. पण मेट्रिक नावांच्या पद्धतीत ‘०६०३’ म्हणजे ०.६ बाय ०.३ मिलिमीटर! तोच आकडा, वस्तू जवळजवळ तिपटीनं लहान. यादीत नुसतं ‘०६०३’ लिहून वर ‘समजून घ्या’ म्हणायची सोय नाही. म्हणून शहाणी माणसं मापाच्या भरवशावर राहत नाहीत, कारखान्याच्या गोदामातला त्या पार्टचा कोड लिहितात. सामानाच्या यादीतलं खरं काम ते. नव्वद पार्टांपैकी सारखे सारखे एका ओळीत गोळा करायचे, ‘आर१, आर४, आर९’ असे, आणि पुढे एकच कोड. त्यातही नावांमधला स्वल्पविराम फाइलला नवा कॉलम वाटू नये म्हणून सगळ्याला अवतरणचिन्हांचं कुंपण घालायचं.

या यादीत नको ते पाहुणेही घुसतात. बोर्डाच्या कोपऱ्यात तिनं एक छोटा गणपती छापलाय, श्रद्धेनं म्हणा किंवा जागा होती म्हणून म्हणा. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तोही एक पार्ट. नाव ‘लोगो१’, एक्स इतका, वाय इतका, कोन शून्य. तो यादीत तसाच गेला. कारखान्यातून अदबीनं विचारणा: लोगो१ या पार्टचा स्टॉक कोड कृपया कळवावा. त्या दिवसापासून बाप्पाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘यादीत घेऊ नये’ अशी टिकमार्क आहे.

मग येतो उगम. एक्स-वाय मोजायचं कुठून? कीकॅड आपणहून मोजतं कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. बोर्ड कागदाच्या मधोमध काढलेला असला की सगळे आकडे शंभरच्या पुढे आणि वाय उणे. आकडे बघून घाबरायचं कारण नाही, फक्त चित्रं आणि यादी दोन्ही एकाच कोपऱ्यापासून मोजलेली हवीत. बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर खूण करायची आणि दोन्हीकडे तोच उगम निवडायचा. एकीकडे विसरलात तर प्रीव्ह्यूमध्ये सगळे पार्ट एकत्र, शिस्तीत, बोर्डाच्या बाहेर हवेत तरंगताना दिसतात. ही चूक मला आवडते. इतकी ढळढळीत आहे की आंधळ्यालाही दिसावी.

न दिसणारी चूक वेगळीच आहे.

पाच बोर्डांचा नमुना आला तेव्हा पॅकिंग सुरेख होतं, सोल्डरिंग चकचकीत, सगळे पार्ट आपापल्या जागी. बॅटरी जोडली. काही नाही. दुसरा बोर्ड. काही नाही. तिसऱ्याला एक चिप इतकी तापली की बोटाला चटका बसला. भिंगाखाली बघितल्यावर उलगडा झाला. आठ पायांचा एक ऑप-अँप बरोब्बर आपल्या जागेवर बसला होता, पण उलटा. १८० अंशांत फिरलेला. एलएम३५८सारख्या आठ पायांच्या चिपमध्ये आठव्या पायाला प्लस आणि चौथ्याला ग्राउंड असतो आणि हे दोघे समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसतात. चिप उलटी फिरवली की आठ चारच्या जागी आणि चार आठच्या जागी! म्हणजे जिथे देव तिथे राक्षस, इतकी तंतोतंत अदलाबदल. चिपा गेल्याच. तीन पायांचे छोटे ट्रान्झिस्टर वेगळ्या अंशांत फिरलेले. रेझिस्टर मात्र मजेत. त्यांना डावं-उजवं नसतंच.

आता यादीत काय लिहिलं होतं? ‘यू३, रोटेशन ०’. मशीननं काय केलं? शून्य अंशात ठेवलं. दोघांचंही बरोबर! मग गडबड कुठे झाली?

यासाठी पंगत आठवा. (हल्ली लग्नात बुफे असतो, पण श्रावणात कुणाकडे तरी बसलाच असाल.) पानात मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. पण वाढपी तुमच्या समोर उभा असतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर चटणी उजवीकडे येते. तरी गोंधळ होत नाही, कारण डावं-उजवं जेवणाऱ्याचं धरायचं, वाढणाऱ्याचं नाही, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत आहे. ते कुठे लिहिलेलं नाही. आता ही पंगत कधीच न पाहिलेल्या वाढप्याला फक्त एक चिठ्ठी द्या: ‘चटणी डावीकडे’. तो चिठ्ठी तंतोतंत पाळेल आणि तुमची चटणी आमटीच्या जागी जाईल.

‘शून्य अंश’ ही तशीच चिठ्ठी आहे. कोन किती ते सांगते, कुठून ते सांगत नाही.

कीकॅडच्या लायब्ररीत शून्य अंश म्हणजे चिपचा पहिला पाय वरच्या डाव्या कोपऱ्यात. कागदावर बसून डिझाइन करणाऱ्याला हे सरळ वाटतं. कारखान्यात पार्ट कागदावर नसतात. ते सिनेमाच्या रिळासारख्या रिळांवर येतात. लहान पार्टांची पट्टी आठ मिलिमीटर रुंद, कडेला छिद्रं, मध्ये खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक पार्ट झोपलेला. ०६०३चे चार-चार हजार नग एका रिळावर मावतात. मशीन पट्टी पुढे ओढतं, बारीक नळीनं पार्ट शोषून उचलतं, कॅमेऱ्यासमोर धरतं आणि बोर्डावर नेऊन ठेवतं. त्या मशीनच्या माणसाला सरळ काय वाटणार? पट्टीत जसा झोपलाय, तोच शून्य. तिथून किती वळवायचा ते सांगा.

दोघांचे शून्य कधी जुळतात, कधी नाही. तिच्या कारखान्याच्या हिशेबात तीन पायांचा सॉट-२३ हा १८० अंश वळवून लिहावा लागतो, आठ पायांच्या एसओआयसी चिपा २७०. सगळ्यांना एकच नियम असता तर एका फटक्यात बदलता आला असता, पण तसं नाही. पॅकेजगणिक वेगळं. क्वचित एकाच पॅकेजचे दोन कंपन्यांचे पार्ट पट्टीत वेगवेगळे झोपलेले.

मग यावर स्टँडर्ड का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. आहे! आयईसी ६११८८-७ नावाचं. त्याचा अख्खा विषयच हा, की पार्टाचा शून्य कोन कुठला मानायचा. आणि त्यात पातळ्या आहेत दोन. ‘ए’मध्ये पहिला पाय वर डावीकडे, ‘बी’मध्ये खाली डावीकडे. म्हणजे भांडण मिटवायला बोलावलेल्या पंचांनी ‘दोघांचंही बरोबर आहे’ म्हणून चहा पिऊन जावं, तसं.

फ्लॅट शोधलेल्यांना हे नवीन नाही. ब्रोकर सांगतो, ईस्ट फेसिंग आहे. कशाचं फेस? दाराचं की बाल्कनीचं? विचारल्याशिवाय तो सांगत नाही आणि त्याला ज्या दिवशी जे सोयीचं, त्या दिवशी ते.

बोर्डाच्या खालच्या बाजूला पार्ट असले की आणखी एक गिरकी. कोन साधारणपणे घड्याळाच्या उलट दिशेनं मोजतात. पण बोर्ड पालथा करून बघितला की घड्याळच उलटं फिरतं. वरून बघून मोजलेला कोन आणि खालून बघून मोजलेला कोन एकमेकांचे आरसे. काही कारखाने खालच्या बाजूचे आकडेही वरून बघितल्यासारखेच मागतात, काही खालून. तिनं यावर फार हुशार तांत्रिक उपाय काढला: खालच्या बाजूला एकही पार्ट ठेवायचा नाही.

डायोड आणि एलईडीचा मामला तर मला अन्यायाचाच वाटतो. कीकॅडमध्ये त्यांचा एक नंबरचा पाय म्हणजे कॅथोड, उणे बाजू. पण एलईडीच्या पाठीवरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ कंपनीगणिक वेगळा. बहुतेकांत तो कॅथोड, काहींत नेमका अ‍ॅनोड. डेटाशीट उघडून बघण्याला पर्याय नाही. एलईडी उलटा बसला तर फक्त पेटत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. टँटलमचा कपॅसिटर उलटा बसला तर तो पेटतो.

आता तिची सध्याची पद्धत सांगते, कारण खरा मसाला त्यात आहे. हातानं आकडे बदलायचे तिनं सोडून दिलं. एका रात्री बदललेले आकडे पुढच्या एक्स्पोर्टमध्ये पुसले जातात, हे एकदा झालं की माणूस सुधारतो. आता एक छोटी स्क्रिप्ट आहे, पंचवीस-तीस ओळींची. ती कीकॅडची यादी घेते, कॉलमची नावं बदलते, पुढचं शून्य सांभाळते आणि मग एका वेगळ्या तक्त्यात बघते. तक्त्यात पॅकेजचं नाव, किती अंश मिळवायचे आणि ‘कारण’ असे तीन रकाने. सॉट-२३ दिसला, मिळवा १८०. बेरीज ३६०च्या पुढे गेली तर ३६० वजा. अशा तयार स्क्रिप्ट आणि प्लगिन फुकटही मिळतात, त्यांच्यासोबत लोकांनी जमवलेले तक्तेही. पण दुसऱ्याचा तक्ता डोळे मिटून लावायचा नाही, असं तिचं ठाम मत. कारण त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी कुठलातरी एक विशिष्ट पार्ट, एका विशिष्ट कारखान्यात जळल्यावर लिहिलेली आहे. तुमचा पार्ट तोच असेल असं नाही.

आणि गंमत बघा, कारखान्यातही माणसं असतातच. प्रॉडक्शनला लावण्याआधी तिथला कुणी इंजिनीअर यादी नजरेखालून घालतो आणि एखादी चिप उघड उघड उलटी दिसली तर स्वतःच वळवतो. चांगुलपणानंच. पण ते त्यानं कळवलं नाही, तर आपली यादी बरोबर होती असं धरून आपण पुढच्या वेळी तीच पाठवतो आणि त्या दिवशी ड्युटीवर दुसराच कुणी असतो. न सांगता केलेली मदत महागात पडते, ती अशी.

म्हणून ती आता प्रत्येक ऑर्डरबरोबर एक पीडीएफ जोडते. कुणी मागितलेली नसते. बोर्डाचं मोठं चित्र, आणि दिशा असलेल्या प्रत्येक पार्टाच्या एक नंबरच्या पायावर लाल टिंब. ही आयडिया तिची नाही. पूर्वी दहा बोर्ड तिनं भोसरीतल्या एका असेंब्लीवाल्याकडून करून घेतले होते. छोटं वर्कशॉप, एक जुनं पिक अँड प्लेस मशीन, समोर अगरबत्ती. ही लॅपटॉप उघडून कॉलम समजावून सांगायला लागली, तर ते काका म्हणाले, ‘ताई, फाइल द्या, पण एक प्रिंटपण काढून द्या. पिन नंबर एकवर लाल टिंब मारा. बाकी मी बघतो.’ तेव्हा तिला ते फार मागासलेलं वाटलं होतं. खरं तर त्या लाल टिंबात शून्य अंश नावाचा प्रकारच नाही. इकडून बघा, तिकडून बघा, टिंब तिथेच.

फॉरमॅट एकच असावा म्हणून प्रयत्न झाले नाहीत असं नाही. नव्वदच्या दशकात एका इस्रायली कंपनीनं ओडीबी++ आणला, बोर्डाची सगळी कुंडली एकाच पुडक्यात. २००४ मध्ये आयपीसी-२५८१ आला, खुला, कुणाच्या मालकीचा नसलेला. २०२० मध्ये गर्बरनंही एक्स३ आवृत्तीत पार्टांची माहिती सामावून घेतली. तिन्ही उत्तम. मोठ्या कंपन्या वापरतातही. पण चाळीस बोर्डवाल्यांच्या दुनियेत अजून साधी सीएसव्हीच चालते, कारण ती नोटपॅडमध्येही उघडते आणि तिच्यात काय बिघडलंय ते माणसाला वाचता येतं. मला हे पटतं. हा कॉलम मी युनिकोडमध्ये लिहिते. आमच्या लाइनमध्ये अजून अशी काही ठिकाणं आहेत जिथे पानं जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लागतात, मधे एक कन्व्हर्टर असतो आणि ‘सुऱ्या’ दिल्या की ‘सुर्या’ निघतात. पानावर मजकूर गेलेला असतो, शब्दही मोजून तितकेच असतात. फक्त अर्थ फिरलेला. तिथेही शेवटी इलाज एकच, प्रूफ डोळ्यांनी वाचणं.

चाळीस बोर्डांच्या ऑर्डरआधीचं प्रूफ आम्ही दोघींनी वाचलं. कारखान्याच्या साइटवर प्रीव्ह्यू दिसतो, बोर्डाच्या चित्रावर त्यांच्या लायब्ररीतले पार्ट ठेवलेले, एक नंबरच्या पायाशी बारीक टिंब. मी स्क्रीनवर बघून बोलायची, ‘यू३, टिंब खाली डावीकडे.’ ती डिझाइनमध्ये बघून ‘हं’ म्हणायची. दिशा असलेले एकवीस पार्ट. ‘डी७?’ ‘पट्टी उजवीकडे.’ ‘नाही गं, डावीकडे हवी. थांब.’ डेटाशीट उघडली, तक्त्यात नवी ओळ आली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, यादी पुन्हा चढवली आणि पुन्हा यू१पासून सुरुवात. फक्त डी७ तपासून का चालत नाही, असं मी विचारलं. ‘कारण एक सरळ करताना दुसरा वाकडा होतो,’ ती म्हणाली. रात्रीचे सव्वा वाजले होते. पोहे दोनदा झाले.

बोर्ड सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले. एकोणचाळीस पहिल्या झटक्यात सुरू झाले. चाळिसाव्यात एका पायाला सोल्डर नीट धरलं नव्हतं, ते तिनं घरीच इस्त्रीनं लावलं. (सोल्डरिंग आयर्नला ती इस्त्रीच म्हणते, त्यावर मी आता काही बोलत नाही.) डब्या बागेत गेल्या. तक्ता आता तेवीस ओळींचा झालाय. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं, आणि डी७समोर तिनं लिहिलंय: ‘९० का ते कळलं नाही. पण ९०च.’